हंसाचें अंडें

हंसाविषयीं आपल्याकडे जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें दुसऱ्या पक्ष्याविषयीं क्वचितच लिहिलें गेलें असेल. दूध व पाणी वेगळें करण्याचें त्याचें चातुर्य, त्याची मंद चाल, मानसरोवराची त्याची ओढ, सरस्वतीपाशीं असलेलें त्याचें स्थान, दमयंतीपाशीं त्यानें केलेली नळाची रदबदली, या गोष्टी शाळेंतील मुलांसही ठाऊक असतात. परंतु हंस हा अंड्यांतून निघतो, तें अंडें कोणीतरी महिनाभर उबवावें लागतें, आणि आपल्या देशांत तें कोणी व कोठें उबविलें, हा प्रश्न काव्यचर्चेंत कोणी विचारलेला आम्हांस आठवत नाहीं. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. पण दरबारच्या बखरींत जें सांपडत नाहीं तें पुष्कळदां कोठीच्या जमाखर्चांत सांपडतें, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा नेहमींचा अनुभव आहे. हंसाचें अंडें हा असाच कोठीचा एक कागद आहे, असें आम्ही समजतों.

कवींनीं अंड्याच्या अगदीं जवळ येऊन त्याला बगल दिली आहे. श्रीहर्षाच्या नैषधांत नळाच्या हातीं सांपडलेला हंस आपल्या वृद्ध मातेचें व नुकत्याच प्रसूत झालेल्या पत्नीचें नांव घेऊन विलाप करितो. रघुनाथपंडितानें तो विलाप मराठींत आणतांना त्या पत्नीस सात दिवसांची बाळंतीण केलें आहे. पक्ष्यास संस्कृतांत द्विज म्हणतात, कारण त्याचा जन्म दोनदां होतो, एकदां अंड्याच्या रूपानें व एकदां अंड्यांतून. तेव्हां हे सात दिवस कोणत्या जन्मापासून मोजावयाचे, हें पंडितांनीं सांगितलेलें नाहीं. पहिल्यापासून मोजल्यास ती बिचारी अद्याप तीन आठवडे अंड्यांवरून हलावयाची नाहीं!

पुढें जाण्यापूर्वीं हा पक्षी कोणता तें ठरविलें पाहिजे. इंग्रजी शिकलेल्या आमच्या पिढ्यांनीं हंस म्हणजे 'स्वॉन' असें कोशांत वाचलें व तसेंच ते मुलांना शिकवीत आले. वास्तविक स्वॉन हा हिंदुस्थानच्या वायव्य कोपऱ्यांत एखाद्या कडक हिवाळ्यांत चुकून येणारा पाहुणा आहे. त्याच्यावर एवढी मोठी काव्यसृष्टि उभी राहिली असेल हें संभवत नाहीं. पुराणवस्तुखात्यांत पुष्कळ वर्षें काम केलेल्या फोगेल या डच पंडितांनीं या विषयावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. तें १९६२ सालीं लायडन येथें प्रसिद्ध झालें. साहित्य व शिल्प या दोहोंचा पुरावा घेऊन त्यांनीं दाखविलें आहे कीं, आपला हंस म्हणजे इंग्रजांचा 'गूज' होय. अशोकाच्या लौरिया नंदनगढच्या स्तंभावर चोंची खालीं घालून चालणारी जी पक्ष्यांची रांग कोरलेली आहे, ती पाहिल्यावर या मताविषयीं शंका राहत नाहीं. अडचण होती ती पक्षिशास्त्राची नव्हे, प्रतिष्ठेची. इंग्रजींत गूज हा शब्द मूर्खास लावतात. सरस्वतीच्या पायाशीं गूज बसवावयास आमचें मन धजेना. दुसऱ्याच्या भाषेंतील एका शिवीसाठीं आम्ही आपल्या पक्ष्याचें कूळ बदलून टाकलें. आमच्या स्वतःच्या भाषेंत गूज म्हणजे हृदयांतील गुप्त गोष्ट, एवढें जरी आठवलें असतें तरी पुरें होतें.

नाशिककरांस हा पक्षी पाहण्यासाठीं लांब जावयास नको. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशीं नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. तेथील पाणथळ प्रदेश १९८६ सालीं अभयारण्य झाला, आणि २०२० च्या जानेवारींत महाराष्ट्रांतील पहिलें रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यांत तेथें डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी रंगाचा हंस उतरतो. अमरकोशांत कादंब व कलहंस हे शब्द एकाच अर्थाचे दिले आहेत, व पक्षिनिरीक्षक या पाहुण्यास आज पट्टकादंब म्हणतात. वाल्मीकीनेंही पंचवटीजवळची गोदावरी हंस, कारंडव व चक्रवाक यांनीं गजबजलेली वर्णिली आहे. त्यांपैकीं चक्रवाकही त्याच बंधाऱ्यावर हिवाळ्यांत दिसतो. पण हे सर्व पाहुणे होत. उन्हाळा लागतांच कादंब हिमालय ओलांडून तिबेटांतील व लडाखांतील सरोवरांवर जातात, आणि अंडीं घालतात तीं तेथें. मानसरोवराच्या ओढीची कविकल्पना ही अशी अक्षरशः खरी आहे. म्हणून गोदेच्या, गंगेच्या किंवा क्षिप्रेच्या कांठीं राहणाऱ्या मनुष्यास रानटी हंसाचें अंडें दृष्टीस पडण्याचा योग बहुधा यावयाचा नाहीं.

असें असतां चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, अन्नपानविधीच्या अध्यायांत, हंसाच्या अंड्याचा उल्लेख स्वच्छ आहे. क्षीण झालेल्यांस, खोकला, हृद्रोग व क्षत यांनीं पीडिलेल्यांस कोणत्या पक्ष्यांचीं अंडीं हितकर, हें सांगतांना चरकानें धार्तराष्ट्र, चकोर, कोंबडा, मोर व चिमणी हीं नांवें घेतलीं आहेत. धार्तराष्ट्र म्हणजे कौरव नव्हेत; अमरकोशानें काळी चोंच व काळे पाय असलेल्या हंसास हें नांव दिलें आहे. (याच श्लेषावर भट्टनारायणानें वेणीसंहाराच्या आरंभीं शरदृतूंत जमिनीवर उतरणारे हंस व पुढें रणांत पडणारे कौरव एका श्लोकांत बसविले आहेत. पालि जातकांत सोनेरी हंसांच्या राजाचें नांवही धृतराष्ट्रच आहे, आणि अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत त्याची कथा रंगविलेली आहे.) आतां या यादीकडे नीट पहावें. कोंबडी घरची, चिमणी वळचणीची, मोर व चकोर आपल्याच रानांतले. वैद्यानें लिहून दिलेली वस्तु रोग्याच्या माणसांस मिळाली पाहिजे. मानसरोवरावरून अंडें आणा असें कोणी शहाणा वैद्य सांगणार नाहीं. तेव्हां चरकाच्या काळीं मैदानी मुलुखांत अंडीं घालणारा हंस होता, व तो रानटी नसून पाळीव होता, असें अनुमान केल्यावांचून गत्यंतर दिसत नाहीं.

अनुमानाची ही रीत आम्ही नवी काढलेली नाहीं. चीनमध्यें तिआनलुओशान या ठिकाणीं उत्खननांत हंसांचीं हाडें सांपडलीं, त्यांवरील संशोधन २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील कांहीं हाडें उडूंही न शकणाऱ्या पिलांचीं होतीं. रानटी हंस त्या प्रदेशांत वीण करीत नाहींत. तेव्हां तीं पिलें माणसाच्या आश्रयानेंच जन्मलीं असलीं पाहिजेत, असें म्हणून संशोधकांनीं तेथें सुमारें ७००० वर्षांपूर्वीं हंस पाळले जात होते असा निष्कर्ष काढला. आमच्याकडे हाडांऐवजीं वैद्याची यादी आहे, इतकाच भेद. यावर कोणी म्हणेल कीं, धार्तराष्ट्र या नांवाखालीं एखादें देशी बदकही येत असेल. येत असेलही; जुनीं पक्षिनामें ताणलीं जातात हें आम्हांस मान्य आहे. परंतु घरच्या हंसाविषयीं पुरावा एवढाच असता तर ही शंका भारी पडली असती. तो एवढाच नाहीं.

कौटिल्यानें ज्या पक्ष्यांस मारूं नये म्हणून सांगितलें त्यांत हंस आहे, व त्या सर्वांस त्यानें विहारपक्षी व मंगल म्हटलें आहे. सुश्रुतानें कल्पस्थानांत राजाच्या अन्नाची परीक्षा सांगतांना विषाच्या सान्निध्यानें मोर कसा हर्षतो, शुकसारिका कशा आक्रोश करितात, हें सांगून हंस अतिशय ओरडूं लागतो असें म्हटलें आहे. विषाचें राहूं द्या. पण परकें कांहीं जवळ येतांच हंस गिल्ला करितो ही गोष्ट खरीच आहे. रोमच्या किल्ल्यावर रात्रीं चढणारे गॉल लोक कुत्र्यांस कळले नाहींत, ते जूनो देवीच्या हंसांनीं ओळखले, ही ख्रिस्तपूर्व ३९० च्या सुमाराची कथा इंग्रजी शाळेंत आम्ही सर्वांनीं पाठ केली आहे. आपल्या राजाच्या पाकशाळेंतील पहारेकरी मात्र आम्हांस कोणीं सांगितला नाहीं.

आतां बाणभट्टाकडे येऊं. कादंबरीच्या आरंभीं शूद्रक राजा सभेंतून उठतो तेव्हां जो कल्लोळ होतो, त्याच्या वर्णनांत राजवाड्याच्या पुष्करिणींतील कलहंस आहेत. ते स्त्रियांच्या नूपुरांच्या आवाजामागें ओढले जाऊन सभामंडपाच्या पायऱ्यांवर चढले आहेत, त्या पायऱ्या त्यांनीं पांढऱ्या करून टाकल्या आहेत, व वर ओरडत आहेत. टीकाकार सांगतात कीं, नूपुरांचा ध्वनि हंसांच्या ध्वनीसारखा असतो म्हणून ते फसतात, व हा कविसंकेत आहे. संकेत आहेच. परंतु प्रत्येक संकेत कोणीतरी प्रथम डोळ्यांनीं पाहिलेला असतो. उघड्या पाण्यावरचा रानटी हंस माणसाचा पाय वाजतांच उडून जातो. हे हंस मात्र पाणी सोडून, पायऱ्या चढून, माणसाच्या पावलामागें येतात. असा हंस कसा तयार होतो?

या प्रश्नाचें उत्तर विसाव्या शतकांत युरोपांत मिळालें, आणि तें नेमकें घरीं उबविलेल्या अंड्यांतून मिळालें. १९११ सालीं हाइनरोट या जर्मन पक्षिशास्त्रज्ञानें असें नमूद केलें कीं, यंत्रांत उबविलेलें हंसाचें पिलूं प्रथम ज्याला पाहतें त्याच्या मागें लागतें. मग तो मनुष्य असला तरी पिलूं त्यालाच आपलें माणूस समजतें. कॉनराड लोरेन्झ यानें तेंच काम पुढें नेलें. अंड्यांतून निघालेलें एक पिलूं त्यानें थोडा वेळ आपल्यापुढें ठेविलें व मग हंसिणीच्या पंखाखालीं सरकविलें. पिलूं रडत बाहेर आलें आणि त्याच्याच मागें धांवूं लागलें. त्याचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९३५ चा. १९७३ सालीं त्यास दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें.

हा प्रकार समजण्यास प्रयोगशाळेंत जावें लागत नाहीं. नाशिकच्या आसपासच्या मळ्यांतून राखणीसाठीं पाळलेले पांढरे हंस कधींमधीं दिसतात. हे विलायती किंवा चिनी वंशाचे किंवा दोहोंच्या मिश्रणाचे. लोक त्यांस सरसकट बदकच म्हणतात. अशा एका मळ्यांत अंडीं उबविण्याची सर्व रीत आम्हीं पाहिलेली आहे. हंसाचें अंडें कोंबडीच्या अंड्याच्या अडीच-तीनपट जड असतें. हंसीण बसण्यास तयार नसली तर खुडूक झालेली धट्टीकट्टी कोंबडी पाहून तिच्याखालीं चार, फार तर पांच अंडीं ठेवतात. एवढें मोठें अंडें कोंबडीच्यानें उलटवत नाहीं, म्हणून तें दिवसांतून तीन-चार वेळां हातानें फिरवावें लागतें. न फिरविल्यास आंतला गर्भ कवचास चिकटून मरतो. कोंबडीच्या अंड्यास २१ दिवस पुरतात, यास २८ पासून ३० लागतात. सात-आठ दिवसांनीं अंधारांत दिव्यापुढें धरलें म्हणजे जिवंत अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. जें नुसतेंच पारदर्शक दिसेल तें पोकळ समजून काढून टाकावें. हंसीण रोज थोडा वेळ उठून पाण्यांत जाते व ओल्या अंगानें परत येऊन बसते. तिचें अनुकरण म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून अंडीं थोडा वेळ उघडीं ठेवून त्यांवर कोमट पाणी शिंपडतात. यंत्र असलें तर सुमारें ३७॥ अंश सेंटिग्रेड ऊब राखावी लागते, परंतु हात कांहीं सुटत नाहीं. शेवटचे तीन दिवस मात्र अंड्यास हात लावावयाचा नसतो. तेव्हां आंतून आवाज ऐकूं येऊं लागतो. पिलूं अजून बाहेर आलेलें नसतें, पण बोलतें, आणि बाहेरचें ऐकतेंही. हंसीण स्वतः बसलेली असली तर ती त्याला उत्तर देते.

हें शेवटचें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. राजवाड्यांत हें काम कोण करीत असेल? राजा नव्हे, वैद्यही नव्हे. दिवसांतून चार वेळां येऊन अंडें फिरविणारी ती कोणी दासी असणार, आणि तिच्या पायांत नूपुर असणार. महिनाभर त्या आवाजाबरोबर अंडें हललें. पुढें कवच फुटलें तेव्हां डोळ्यांपुढें आलीं तीं तींच पावलें. तो हंस मोठा झाल्यावर नूपुर वाजतांच पुष्करिणींतून उठून सभामंडपाच्या पायऱ्या चढला, तर त्यांत फसणें कोठें आलें? तो बरोबर ओळखून आला! आम्ही हा तर्क म्हणूनच मांडतों. दाणा घालणाऱ्या हातामागें कोणताही पाळीव पक्षी येईल, हें आम्ही जाणतों. परंतु बाणानें दाण्याचें नांव घेतलेलें नाहीं, आवाजाचें घेतलें आहे.

दासींच्या या विद्येचा एक उल्लेख मात्र शिल्लक राहिला आहे, आणि तो सर्वांच्या परिचयाचा असूनही कोणी त्या दृष्टीनें वाचलेला नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत कद्रू व विनता यांची कथा आहे. कश्यपाच्या वरानें कद्रूस एक हजार व विनतेस दोन अंडीं झालीं. तीं त्या दोघी उबवीत बसल्या नाहींत. परिचारिकांनीं तीं उबदार भांड्यांत ठेविलीं, असें व्यासांनीं स्पष्ट सांगितलें आहे. पांचशें वर्षांनीं कद्रूच्या अंड्यांतून नाग निघाले; विनतेचीं दोन तशींच राहिलीं. सवतीपुढें लाजून तिनें त्यांतील एक आपल्या हातानें फोडलें. आंत अरुण होता. त्याचें वरचें अर्धें शरीर पूर्ण झालें होतें व खालचें व्हावयाचें होतें. त्यानें आईला दास्याचा शाप दिला, आणि दुसरें अंडें तरी आणखी पांचशें वर्षें फोडूं नकोस, असें सांगून तो सूर्याचा सारथि झाला. मांड्या नाहींत म्हणून त्याचें नांव अनूरु.

या कथेंतील वर्षें काढून टाकून तेथें दिवस घाला. नागांचीं अंडीं आधीं फुटावीं व मोठ्या पक्ष्याचीं मागून, यांत नवल कांहीं नाहीं. मळ्यांतही एका कोंबडीखालीं दोन जातींचीं अंडीं ठेविलीं म्हणजे कोंबडीचीं पिलें २१ व्या दिवशीं निघून हिंडूं लागतात व हंसाचीं अंडीं दगडासारखीं पडून राहतात. त्या वेळीं घरांतील बायकामुलांचा जीव थाऱ्यावर राहत नाहीं. हंसाच्या पिलास पहिली चीर पाडल्यापासून बाहेर यावयास एक दिवस, कधीं त्याहूनही अधिक लागतो. कोणी उतावीळपणें कवच सोलूं लागलें तर पिलूं बहुधा हातचें जातें. याचें कारण शरीरशास्त्रांत असें दिलें आहे कीं, अंड्यांतील उरलेला बलक बेंबीच्या वाटेनें पोटांत ओढून घेण्याचें काम अगदीं शेवटच्या दिवसांत होतें, आणि कवचाच्या आंतील पडद्यांतल्या शिरांत तोंपर्यंत रक्त खेळत असतें. आधीं फोडलें तर रक्त वाहतें, बलक बाहेर राहतो, आणि पिलाचा खालचा भाग अपुरा दिसतो. डोकें, चोंच, डोळे सर्व सिद्ध. उणें तें खालीं. अरुणाचें वर्णन करणाऱ्या कवीनें असें पिलूं कोणाच्या तरी तळहातावर पाहिलें असावें असें आम्हांस वाटतें. नुसत्या कल्पनेनें अपुरा प्राणी निर्माण करावयाचा असता तर तो आंधळा, मुका किंवा पंखहीन करतां आला असता.

उबदार भांडीं हीही कल्पनेची भरारी नव्हे. इजिप्तमध्यें अंडीं शेणखताच्या उबेंत पुरून उबवितात, हें ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविलें आहे. पुढें तेथें मातीच्या मोठ्या भट्ट्या झाल्या, व त्यांतील माणसें अंडें पापणीस लावून ऊब जोखीत. फ्रान्सांत रोमूर यानें १७४९ सालीं या विद्येवर ग्रंथ लिहिला, तेव्हां युरोपांत ती शास्त्र झाली. याहून घरगुती गोष्ट प्लिनीनें सांगितली आहे. रोमच्या लिव्हिया राणीस टायबेरियसच्या वेळीं दिवस राहिले असतां मुलगा होईल कीं मुलगी हें पाहण्यासाठीं तिनें एक कोंबडीचें अंडें आपल्या उराशीं धरून उबविलें. स्वतः दुसऱ्या कामास गेली म्हणजे ऊब तुटूं नये म्हणून तें दाईच्या उराशीं देई. कोंबडा निघाला, व मुलगाही झाला. राणीचें नांव राहिलें. दाईचें राहिलें नाहीं. आमच्याकडे तर ज्यांनीं भांडीं ऊन ठेविलीं त्या 'परिचारिका' एवढ्याच शब्दांत गुंडाळल्या आहेत. हत्ती व घोडे यांवर आपल्याकडे शास्त्रें झालीं, कारण त्यांवर राजे बसत. अंड्यावर बसणाऱ्यांचें शास्त्र कोण लिहिणार! तें वैद्याच्या यादींत एका शब्दापुरतें, बाणाच्या एका समासापुरतें, आणि एका शापकथेपुरतें उरलें.

या कथेचा धागा नाशिक जिल्ह्यांत येऊन पोहोंचतो हें येथील वाचकांस सांगावयास हवें. राम पंचवटीकडे येत असतां वाटेंत त्यास जटायु भेटतो. अरण्यकांडांत तो रामास आपली वंशावळ सांगतो: ताम्रेच्या पांच मुलींपैकीं धृतराष्ट्रीपासून हंस, कलहंस व चक्रवाक झाले, आणि तो स्वतः श्येनी व अरुण यांचा मुलगा. म्हणजे गोदेकांठच्या हंसांची आणि घाईनें फोडलेल्या त्या अंड्याची हकीकत एकाच बैठकींत, एकाच तोंडून निघाली आहे. इगतपुरी तालुक्यांतील टाकेद येथें जटायूनें देह ठेविला असें परंपरा मानते, व सर्वतीर्थ म्हणून लोक तेथें स्नानास जातात. अरुणास मांड्या नव्हत्या. त्याचा हा मुलगा मात्र रावणाच्या रथावर तुटून पडला तेव्हां पंखांइतकाच पायांच्या नखांनींही लढला, असें वाल्मीकि सांगतो.